कर्णबधिर मुलाला यंत्रकामाची नोकरी : सरकारी यंत्रणेकडून आणि कंपनीकडून नेमके काय मागावे

धनकवडीत राहणाऱ्या एका आईंनी विचारले आहे की, त्यांचा २४ वर्षांचा मुलगा जन्मापासून कर्णबधिर असून त्याने आयटीआयमधून मशिनिस्टचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. त्याच्याकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र) आहे, राज्याच्या रोजगार नोंदणीच्या महास्वयम् संकेतस्थळावर नोंदणीही केली आहे. तरीही भोसरी आणि चाकण येथील कंपन्यांनी ‘यंत्रावर धोका आहे’ एवढेच कारण सांगून त्याला परत पाठवले. दिव्यांगांच्या रोजगारासाठी असलेली राज्याची यंत्रणा प्रत्यक्षात काय करते, सरकारी भरतीची वाट पाहावी की कर्ज काढून व्यवसाय करावा, आणि नोकरी लागली तर संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान बंद होईल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

पुण्यात दिव्यांगांच्या व्यावसायिक पुनर्वसनाचे काम मी दीर्घ काळ करत आले आहे आणि त्या अनुभवावरून पहिली गोष्ट स्पष्टपणे सांगते. राज्याची यंत्रणा थेट नोकरी देत नाही. ती प्रमाणपत्र देते, आरक्षण राखते, प्रशिक्षण आणि कर्ज देते, कायदा मोडणाऱ्याकडे खुलासा मागते. परंतु तुमच्या मुलाला एका ठरावीक यंत्रासमोर उभे करून ‘हे काम हा करू शकतो’ हे दाखवून देण्याचे काम बहुतेक वेळा कोणाच्याच वाट्याला आलेले नसते, आणि खासगी क्षेत्रातील बहुतेक नकार नेमके तिथेच होतात. म्हणून या उत्तरात मी कार्यालयांची माहिती देईनच, पण अधिक जागा त्या न होणाऱ्या कामाला देणार आहे, कारण ते तुम्हाला पुढाकार घेऊन करून घ्यावे लागेल.

आधी यंत्रणेची रचना पाहू. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. त्याआधी हा विषय सामाजिक न्याय विभागाकडे होता. या विभागाचे आयुक्तालय पुण्यातच आहे. विशेष शाळा आणि अठरा वर्षांवरील दिव्यांगांसाठीच्या कार्यशाळा यांना मान्यता देणे, त्यांचे अनुदान आणि तपासणी पाहणे, योजना राबवणे हे आयुक्तालयाचे प्रशासकीय काम होय. याशिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यानुसार राज्य आयुक्त ही एक वैधानिक भूमिका आहे, आणि ती या प्रशासकीय कामापेक्षा वेगळी आहे. हक्काचा भंग झाल्यास राज्य आयुक्त स्वतःहून किंवा तक्रारीवरून चौकशी करू शकतात आणि त्या चौकशीत साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागवणे यांबाबत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. हा भेद समजून घ्यावा, कारण ‘मला योजनेचा लाभ द्या’ हा अर्ज आणि ‘माझा हक्क डावलला गेला’ ही तक्रार यांचा मजकूर, त्यांचा आधार आणि त्यांवरील कार्यवाही पूर्णपणे वेगळी असते. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात मिसळल्यामुळे तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिल्याचे मी पुष्कळदा पाहिले आहे.

जिल्हा पातळीवर जिल्हा परिषद आणि जिल्हा दिव्यांग सक्षमीकरण अधिकारी, तर शहरासाठी महापालिकेचा समाज विकास विभाग हे तुमचे पहिले संपर्क आहेत. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. त्या निधीतून यंदा कोणते साहित्य, प्रशिक्षण किंवा साहाय्य दिले जात आहे, हे दर आर्थिक वर्षाच्या आरंभी विचारून घ्यावे. रोजगार नोंदणीचे काम मात्र या विभागाकडे नसून कौशल्य विकास विभागाच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडे आहे, आणि महास्वयम् हे त्याच विभागाचे संकेतस्थळ आहे. दोन वेगळे विभाग, दोन वेगळ्या नोंदी. यूडीआयडी कार्ड मिळाले म्हणजे रोजगारासाठी नाव आपोआप गेले, असे पुष्कळ पालकांना वाटते. तसे होत नाही. तुमच्या मुलाची नोंदणी झालेली आहे हे चांगलेच आहे, परंतु तिच्यात केवळ ‘मशिनिस्ट, कर्णबधिर’ एवढेच लिहिले असेल तर ती वाचणाऱ्याच्या मनात दुसरा शब्द पहिल्या शब्दावर मात करतो. त्यात काय लिहावे, ते पुढे येईल.

आता मूळ मुद्दा. ‘यंत्रावर धोका आहे’ हे वाक्य उच्चारणारा मनुष्यबळ अधिकारी बहुतेक वेळा दुष्ट नसतो. त्याने ते यंत्र कधी चालवलेले नसते, कर्णबधिर कामगार त्याने पाहिलेला नसतो, आणि उद्या काही झाले तर जबाबदारी आपल्यावर येईल ही भीती त्याला असते. त्या भीतीला कायद्याचे कलम दाखवून ती जात नाही. कामाचे पृथक्करण समोर ठेवले तर ती कमी होते. आमच्या क्षेत्रात याला कार्य विश्लेषण म्हणतात. एखाद्या पदाचे नाव बाजूला ठेवून त्या पदावरचा माणूस पाळी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत काय काय करतो, हे क्रमाने लिहून काढायचे आणि त्यातील प्रत्येक कृतीला कोणती शारीरिक किंवा बौद्धिक क्षमता लागते, ते समोर मांडायचे, एवढीच ही पद्धत आहे.

सरकारनेही ही पद्धत स्वीकारलेली आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये दिव्यांगांसाठी योग्य ठरवलेल्या ३,५६६ पदांची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत प्रत्येक पदापुढे बसणे, उभे राहणे, चालणे, वाकणे, उचलणे, बोटांनी हाताळणे, पाहणे, ऐकणे, वाचणे-लिहिणे, संवाद साधणे यांपैकी काय आवश्यक आहे, ते नोंदवलेले आहे. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये, महाराष्ट्रातील ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात, दिव्यांगत्वाच्या टक्केवारीवरूनच कोणाला अपात्र ठरवता येणार नाही आणि तो अभ्यासक्रम ती व्यक्ती पूर्ण करू शकेल की नाही, हे तपासणी मंडळाने प्रत्यक्ष पाहून नोंदवले पाहिजे, असे स्पष्ट केले. प्रकरण प्रवेशाचे असले तरी त्यामागचा विचार नोकरीलाही तितकाच लागू पडतो, आणि कंपनीशी बोलताना मी त्याचा आधार घेते.

तुमच्या मुलाच्या बाबतीत हे विश्लेषण कसे होईल, ते थोडे सविस्तर सांगते. भोसरीतील एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्यातील व्हीएमसी यंत्रावरचा, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने धातू कापणाऱ्या उभ्या यंत्रावरचा, ऑपरेटर घ्या. तो ड्रॉइंग वाचतो, जॉब, म्हणजे घडवायचा सुटा भाग, फिक्श्चरमध्ये (पकडीत) बसवून आवळतो, प्रोग्रॅम निवडतो, पहिला जॉब काढून मायक्रोमीटर आणि गेजने मोजतो, तो गुणवत्ता विभागाकडून मंजूर करून घेतो, मग उत्पादन चालू ठेवून ठरावीक जॉबनंतर पुन्हा मोजमाप घेतो, इन्सर्ट (हत्याराचे बदलता येणारे पाते) झिजला की बदलतो, चिप्स (धातूचा कीस) काढतो आणि पाळीच्या शेवटी नोंदवहीत संख्या लिहितो. या साखळीतील बहुतेक कृती डोळ्यांच्या आणि हातांच्या आहेत. ऐकण्याशी संबंध येतो तो तीन-चार ठिकाणी, आणि त्या ठिकाणांकडे डोळेझाक न करता प्रत्येकावर उपाय सांगितला पाहिजे, तरच समोरचा फोरमन तुमच्यावर विश्वास ठेवतो.

पहिले ठिकाण म्हणजे हत्याराचा आवाज. अनुभवी ऑपरेटर कटिंगचा आवाज बदलला की इन्सर्ट झिजला हे ओळखतो, ही खरी गोष्ट आहे आणि ‘त्याला ऐकू येत नाही तर टूल मोडेल’ ही फोरमनची शंका रास्त आहे. परंतु आधुनिक यंत्राच्या पडद्यावर स्पिंडलवरचा (हत्यार फिरवणाऱ्या दांड्यावरचा) भार दिसतो, टूल किती जॉबनंतर बदलायचे याची मर्यादा यंत्रातच भरता येते, आणि पृष्ठभागावर उमटलेल्या खुणा डोळ्यांनी दिसतात. मोजमापाची वारंवारता सुरुवातीला थोडी वाढवली, म्हणजे दहा जॉबऐवजी पाच जॉबनंतर तपासणी ठेवली, तर हा प्रश्न बहुतेक सुटतो. जुन्या हाताने चालवायच्या मिलिंग यंत्रावर मात्र हे इतके सोपे नाही. तिथे हाताला जाणवणाऱ्या कंपनावर भर द्यावा लागतो आणि शिकायला जास्त वेळ लागतो. म्हणून पहिल्या नोकरीसाठी सीएनसी (संगणक-नियंत्रित यंत्रे) किंवा व्हीएमसीचा विभाग असलेली कंपनी शोधावी, असे माझे मत आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे यंत्राचा अलार्म. बहुतेक सीएनसी यंत्रांवर लाल, पिवळा आणि हिरवा असा दिव्यांचा खांब आधीच बसवलेला असतो, त्यामुळे खर्चाचा प्रश्न फारसा येत नाही. तो खांब कामगाराच्या नजरेच्या टप्प्यात आहे ना, एवढे पाहायचे. तिसरे ठिकाण फोर्कलिफ्टचे, आणि खरा धोका असेल तर तो इथे आहे. मागून येणाऱ्या फोर्कलिफ्टचा भोंगा कर्णबधिर कामगाराला कळत नाही. जमिनीवर प्रकाशाचा ठिपका पाडणारा दिवा फोर्कलिफ्टला बसवता येतो, पायी चालण्याचा पट्टा पिवळ्या रेघांनी वेगळा करता येतो, वळणावर गोल आरसा लावता येतो, आणि त्या कामगाराचे यंत्र मुख्य वाहतुकीच्या वाटेपासून दूर, पाठ भिंतीकडे राहील असे नेमून देता येते. शेवटचा उपाय फुकट आहे आणि सर्वांत परिणामकारक आहे. चौथे ठिकाण आगीच्या भोंग्याचे. त्यासाठी लुकलुकणारा दिवा आणि प्रत्येक पाळीत नाव घालून नेमलेला एक सोबती, ज्याने आणीबाणीत त्याच्या खांद्याला हात लावून त्याला बाहेर न्यावयाचे. सोबत्याचे नाव फलकावर लावावे आणि तो रजेवर असेल त्या दिवशीचे दुसरे नावही.

श्रवणयंत्राबद्दलही एक सूचना करते. मुलगा श्रवणयंत्र वापरत असेल, तर शॉप फ्लोअरवरचा मोठा आवाज ते आणखी वाढवून कानात पाठवते. कामावर ते लावावे की काढावे, उरलेले ऐकू येणे कसे जपावे, हे कामावर रुजू होण्याआधी ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) लिहून घ्यावे. पालक याकडे दुर्लक्ष करतात आणि त्याचे परिणाम काही वर्षांनी दिसतात.

धोक्यापेक्षाही अधिक नोकऱ्या सुटतात त्या संवादामुळे. पाळी बदलल्याचा निरोप तोंडी फिरतो आणि मुलगा चुकीच्या पाळीला पोहोचतो. ड्रॉइंगमधला बदल सुपरवायझर ओरडून सांगतो आणि जॉब नाकारला जातो. चहाच्या वेळी सगळे हसतात आणि त्याला वाटते की आपल्यालाच हसत आहेत. पहिल्या तीन महिन्यांत नोकरी सोडणाऱ्या कर्णबधिर तरुणांशी बोलले की हीच कारणे पुढे येतात. यावरचे उपाय साधे आहेत. प्रत्येक बदल ड्रॉइंगवर लाल शाईने लिहून सही करून द्यावा, पाळीचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर जावा, आणि त्या विभागातील पाच-सहा जणांना कामाशी संबंधित पंचवीस-तीस खुणा शिकवाव्यात. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ पासून काम करत आहे आणि त्याने तयार केलेला चित्रफितींचा शब्दकोश मोफत उपलब्ध आहे. शॉप फ्लोअरवरच्या शब्दांच्या खुणा मात्र तुमचा मुलगा आणि त्याचे सहकारी मिळूनच ठरवतील. शक्य असेल तिथे मी कंपनीला एकाच पाळीत दोन कर्णबधिर कामगार घेण्याची विनंती करते. एकटा माणूस दिवसभर गप्प राहतो, दोघे असले की बोलणे होते, एकमेकांकडून शिकणे होते, आणि इतर कामगारही त्यांच्या खुणा पाहून उचलतात.

हे सारे दोन पानांत लिहून काढा. पहिल्या पानावर मुलाला येणारी कामे, यंत्रांची आणि कंट्रोलरची नावे, वापरता येणारी मोजमापाची साधने, वाचता येणारी भाषा आणि खुणांची भाषा येते की ओठवाचन, ते असावे. दुसऱ्या पानावर वरचे चार धोके आणि त्यांवरील उपाय. मुलाने प्रत्यक्ष यंत्रावर काम केल्याची दोन-तीन मिनिटांची चित्रफीत आयटीआयच्या निदेशकांच्या मदतीने करून घ्या. महास्वयम् वरच्या माहितीतही हेच तपशील भरा आणि हीच पाने घेऊन जिल्हा कौशल्य विकास केंद्रात स्वतः जाऊन रोजगार मेळाव्यांच्या तारखा विचारा. मेळाव्याला जाताना सांकेतिक भाषेचा दुभाषी सोबत असेल अशी व्यवस्था कर्णबधिरांच्या शाळेमार्फत किंवा व्हिडिओ कॉलवर करता येते. मुलाखतीत तुम्ही स्वतः मुलाच्या वतीने बोलू नये, ही माझी आग्रहाची सूचना आहे. आई बोलू लागली की अधिकाऱ्याला समोर कामगार दिसत नाही, लेकरू दिसते.

खासगी कंपनीवर कायद्याचे बंधन किती, हेही नीट समजून घ्या, कारण याबाबत फार गैरसमज आहेत. ४ टक्के आरक्षण हे सरकारी आस्थापनांसाठी आहे, खासगी कंपन्यांसाठी नाही. खासगी क्षेत्रात किमान ५ टक्के मनुष्यबळ लक्षणीय दिव्यांगत्व असलेले असावे यासाठी सरकारने प्रोत्साहन द्यावे, एवढेच कलम ३५ सांगते. परंतु कलम २१ प्रत्येक आस्थापनेला, खासगी आस्थापनेलाही, लागू आहे. त्यानुसार समान संधी धोरण तयार करून त्याची प्रत मुख्य आयुक्त किंवा राज्य आयुक्त यांच्याकडे नोंदवावी लागते. केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत, त्यांना पुरवायच्या सोयी आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक यांचा समावेश असावा लागतो. म्हणून कंपनीत गेल्यावर ‘नोकरी द्या’ यापूर्वी ‘आपले समान संधी धोरण पाहावयास मिळेल का, आणि त्यातील योग्य पदांच्या यादीत मशीन ऑपरेटर आहे का’ असे नम्रपणे, शक्यतो ई-मेलने विचारा. ज्या कंपनीकडे धोरण आहे, तिथे तुमचा अर्ज योग्य माणसाकडे जातो. ज्या कंपनीकडे नाही, तिला ते करावे लागेल याची जाणीव होते, आणि पुष्कळदा तिथूनच बोलणे सुरू होते. हिंजवडी-खराडीच्या मोठ्या कंपन्यांत धोरणे बऱ्यापैकी रुळली आहेत. चाकण-रांजणगावच्या पुरवठादार कारखान्यांत अजून पुष्कळ काम बाकी आहे, आणि तुमच्या मुलाच्या कौशल्याची गरज नेमकी तिथे आहे.

नियोक्त्याला सांगण्यासारख्या दोन व्यावहारिक गोष्टीही आहेत. कर्मचारी राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा सर्वसाधारणपणे दरमहा २१,००० रुपये असली तरी दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी ती २५,००० रुपये आहे, त्यामुळे पगार थोडा वाढला तरी त्याचे विम्याचे संरक्षण टिकते. महाराष्ट्रात ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला व्यवसाय करातून सूट आहे. वेतन विभागाला प्रमाणपत्राची प्रत पहिल्याच महिन्यात द्यावी, नाही तर कपात होत राहते.

सरकारी भरतीबाबत तुम्ही विचारले आहे. कायद्याच्या कलम ३४ नुसार प्रत्येक गटातील संवर्गातील एकूण रिक्त पदांच्या किमान ४ टक्के जागा राखीव आहेत. त्यांपैकी १ टक्का अंध व अल्पदृष्टी, १ टक्का कर्णबधिर व ऐकू येण्यातील कमतरता, १ टक्का अस्थिव्यंग व त्या गटातील इतर, आणि उरलेला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगत्व यांसाठी आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात हे प्रमाण ३ टक्के होते. योग्य उमेदवार न मिळाल्यास जागा पुढील भरती वर्षात ओढली जाते, आणि तेव्हाही न मिळाल्यास आधी इतर दिव्यांग प्रवर्गांत अदलाबदलीने भरता येते. थेट सर्वसाधारण उमेदवाराला देता येत नाही. जाहिरातीत दिव्यांगांच्या जागा, प्रवर्ग आणि पदाची योग्यता नमूद आहे का, ते प्रत्येक वेळी तपासा. राज्य शासनाच्या सेवेत दिव्यांग उमेदवारांसाठी कमाल वयोमर्यादा ४५ वर्षे आहे, म्हणून तुमच्या मुलाकडे भरपूर काळ आहे. एसटी महामंडळाच्या कार्यशाळा, महापालिका आणि सरकारी कारखाने यांत तांत्रिक पदे निघतात, तेथे अर्ज करावेत. मात्र केवळ वाट पाहत घरी बसणे मी कधीही सुचवत नाही. दोन वर्षे यंत्रापासून दूर राहिलेल्या मशिनिस्टचा हात आखडतो तो परत लवकर मोकळा होत नाही, आणि मनही खचते. खासगी नोकरी करत असतानाच परीक्षा द्याव्यात.

इथे एक सावधगिरी सांगते. बनावट प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनंतर राज्यात पडताळणी कडक झाली आहे, आणि ती झालीच पाहिजे, कारण खोट्या प्रमाणपत्राने घेतलेली प्रत्येक जागा तुमच्या मुलासारख्या एखाद्याची असते. कायद्याच्या कलम ९१ नुसार असा लाभ घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खऱ्या दिव्यांगांनाही यामुळे पुन्हा तपासणीला बोलावले जाते. जुने ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचे आलेख), शाळेचे दाखले आणि उपचारांची कागदपत्रे एका धारिकेत जपून ठेवली असतील, तर तो त्रास फार होत नाही.

स्वयंरोजगाराबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. राज्याचे दिव्यांग वित्त व विकास महामंडळ राष्ट्रीय महामंडळाच्या निधीतून सवलतीच्या व्याजाने कर्ज देते, आणि ई-वाहनावरील फिरत्या दुकानाची योजनाही त्याच्यामार्फत राबवली गेली आहे. बँकेच्या कर्जाला जोडून बीज भांडवल देणारी योजना आहे. जिल्हा उद्योग केंद्रामार्फत प्रधानमंत्री रोजगारनिर्मिती कार्यक्रमात दिव्यांग अर्जदाराला विशेष प्रवर्ग म्हणून स्वतःचे भांडवल केवळ ५ टक्के आणि अनुदान शहरी भागात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के मिळते. या योजना उपयोगी आहेत. परंतु मशिनिस्टने चोवीसाव्या वर्षी जॉबवर्कसाठी स्वतःचे यंत्र घेणे म्हणजे यंत्र चालवण्याबरोबर ऑर्डर आणणे, कोटेशन देणे, उधारी वसूल करणे हे सारे एकट्याने करणे होय. तीन-चार वर्षे नोकरीत ग्राहक, दर आणि माल यांची ओळख झाल्यावर, एखाद्या भागीदारासह हे पाऊल टाकले तर ते टिकते. नोकरीत नाकारला गेलेला म्हणून दुकान टाकून दिले, अशी सुरुवात असेल तर कर्जाचे हप्ते लवकरच आई-वडिलांवर येतात. ज्यांना घराबाहेर जाणे कठीण आहे, त्यांच्यासाठी मात्र स्वयंरोजगार हा पहिला पर्याय असू शकतो. तिथे माझा सल्ला वेगळा असतो. आणखी कौशल्य हवे असल्यास मिरज येथील शासकीय प्रशिक्षण संस्थेत दिव्यांगांना निवासासह संगणक आणि मोटार रिवाइंडिंगसारखे विषय मोफत शिकवले जातात. तुमच्या मुलाकडे चांगला व्यवसाय आधीच आहे, म्हणून त्याला त्याची आज गरज नाही.

पुण्यात हे विचार नवे नाहीत, हेही लक्षात असू द्या. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांना कामधंदा शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीला आली आणि तिथे आजही प्रशिक्षण चालते. शहरात अंध, कर्णबधिर आणि बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठी काम करणाऱ्या जुन्या संस्था आहेत, त्यांच्या कार्यशाळांमधील शिक्षकांना कोणत्या कारखान्याचा कोणता मालक मोकळ्या मनाचा आहे, हे कोणत्याही संकेतस्थळापेक्षा अधिक नेमके ठाऊक असते. त्यांना जाऊन भेटा.

अनुदानाच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे, जरी ते ऐकायला आवडणार नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, आणि नियमित पगाराची नोकरी लागली की ती मर्यादा ओलांडली जाते. पगार लपवून अनुदान चालू ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. पुढे वसुली निघते आणि मुलाच्या नावावर डाग लागतो. पण या भीतीपोटी नोकरी नाकारू नका. अनुदानात भविष्यनिर्वाह निधी नाही, विमा नाही, वाढ नाही, आणि अनुभवाचा दाखलाही नाही. कंत्राटदारामार्फत तात्पुरते काम मिळत असेल आणि ते दोन-तीन महिन्यांत संपण्याची शक्यता असेल, तर तुमची चिंता रास्त आहे. अशा वेळी नेमणुकीचे पत्र, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि कामाची मुदत लेखी मिळाल्यावरच निर्णय घ्यावा, आणि तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेत जाऊन नोकरी सुटल्यास नव्याने अर्ज कसा करावा लागेल, ते आधीच विचारून ठेवावे.

शेवटी नकाराबद्दल. यापुढे कोणी ‘धोका आहे’ म्हणून परत पाठवले, तर त्याच दिवशी कंपनीला एक शांत, छोटा ई-मेल पाठवा : मुलाखतीची तारीख, पद, सांगितलेले कारण, आणि सोबत धोक्यांवरील उपायांचे पान, तसेच त्या उपायांसह एक आठवडा चाचणी तत्त्वावर काम पाहण्याची विनंती. आमच्या अनुभवात बऱ्याच कंपन्या या टप्प्यावर चाचणीला तयार होतात, आणि चाचणीत मुलाचे मोजमाप बरोबर आले की चर्चा संपते. उत्तर आलेच नाही, किंवा दिव्यांगत्व हेच कारण सांगून लेखी नकार आला, तर राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही. तक्रारीत घटना क्रमाने लिहा, ई-मेलच्या प्रती जोडा, समान संधी धोरण मागितले होते का ते नमूद करा, आणि मागणी स्पष्ट ठेवा, म्हणजे ‘नोकरी द्यावी’ ऐवजी ‘कामाची प्रत्यक्ष चाचणी घेऊन कारणांसह निर्णय द्यावा आणि धोरण नोंदवावे’. राज्य आयुक्त शिफारस करतात, आणि कलम ८१ नुसार संबंधित प्राधिकरणाने त्या शिफारशीवर कार्यवाही करून तीन महिन्यांच्या आत त्यांना कळवायचे असते. म्हणून अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, आणि सुनावणीची नोटीस आली की सांकेतिक भाषेचा दुभाषी मिळावा अशी विनंती सुनावणीपूर्वी लेखी द्या, म्हणजे आपले म्हणणे मुलगा स्वतः मांडू शकेल.